हवालदाराच्या पेटीची मूठ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "काकू, तुमच्या कामाबद्दल लिहा ना, जरा हलकंफुलकं." मी विचारलं, "माझं काम काय होतं ते माहीत आहे ना?" "हो, म्युझियममध्ये काहीतरी," ते म्हणाले. सिडनीतल्या हळदीकुंकवांत आणि बार्बेक्यूंत वर्षानुवर्षं माझी ओळख अशीच करून दिली जाते. शेजारी बसलेली बाई कौतुकाने विचारते, "म्हणजे चित्रं वगैरे?" मी सांगते, "नाही, सुरुंग उडवायची यंत्रं." मग तिला एकदम कोशिंबीर वाढून घ्यायची आठवण होते. पण दिवाळीच्या अंकात बार उडवण्याविषयी चार शब्द असायला हरकत नसावी, म्हणून लिहायला बसले आहे.

आधीच सांगते, मी स्वतः आयुष्यात काही उडवलेलं नाही. सुतळी बॉम्बच्या वेळी मी कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात असते. पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शन खात्यात होते. तयार झालेली वस्तू मापात आहे की नाही ते तपासायचं, असेल तर पास, नसेल तर परत, एवढंच काम. पुढे माझ्या नवऱ्याला, सुधीरला, सिडनीतल्या पॅरामॅटाच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम मिळालं आणि आम्ही पेंडल हिलला राहायला आलो. मला वाटलं, आता घरी बसून लोणची घालायची. तर ब्लॅकटाउनच्या पलीकडे पत्र्याच्या दोन शेडमध्ये सैन्यातल्या इंजिनियर लोकांचं एक छोटं संग्रहालय होतं, आणि त्यांना जुन्या यंत्रांवरचे शिक्के वाचू शकणारं माणूस हवं होतं. जाहिरात वाचून सुधीर म्हणाला, "शैला, अख्ख्या न्यू साउथ वेल्समध्ये या नोकरीला तू एकटीच लायक असशील आणि तू एकटीच अर्ज करशील." दोन्ही खरं ठरलं.

संग्रहालय चालवायचा क्लाइव्ह, निवृत्त सॅपर. सॅपर म्हणजे पूल बांधणारे आणि वेळ आली की तेच पूल पाडणारे सैनिक. क्लाइव्हला उजव्या कानाने ऐकू यायचं नाही आणि डाव्या कानाने जे ऐकू यायचं ते पटायचं नाही. पहिल्या दिवशी त्याने मला शेडमधल्या मांडण्यांपुढे उभं केलं आणि म्हणाला, "हे सगळं आमचं, लव्ह." इथले म्हातारे सगळ्याच बायकांना 'लव्ह' म्हणतात. मी चष्मा लावून शिक्के वाचायला लागले. पहिली वस्तू निघाली इंग्लंडची, दुसरी अमेरिकेची, आणि तिसऱ्या वस्तूवर माझ्या जुन्या कारखान्यापासून फार लांब नसलेल्या एका भांडाराची खूण. क्लाइव्ह चहा करायला गेला.

आता थोडं शास्त्र. सुरुंगातली दारू तशी आळशी असते, कुणी उठवल्याशिवाय उठत नाही. तिला उठवणारं जे काही असतं त्याला फायरिंग डिव्हाइस म्हणतात. त्यातलं आमच्या मांडणीवरचं सगळ्यात देखणं यंत्र म्हणजे एक्सप्लोडर. आम्ही त्याला नुसतं पेटी म्हणायचो. मापाने आपल्या हळदीकुंकवाच्या ताटात मावेल एवढी, वर तारा जोडायला दोन स्क्रू आणि बाजूला एक भोक. त्या भोकात मूठ घालून जोरात फिरवली की आत वीज तयार होते, ती लांब तारेतून पुलाखाली जाते आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

या पेट्या मित्रराष्ट्रांनी एकमेकांत फिरवल्या, एकत्र कुटुंबातल्या मोठ्या पातेल्यासारख्या. आराखडा एकाने काढला, ओतकाम दुसऱ्याने केलं, वापरली तिसऱ्याने, आणि युद्ध संपल्यावर ती सापडली चौथ्याच्या गोठ्यात. आपल्याकडे डब्यावर नाव घालून घेतात ना, तसं सैन्यंही घालतात. इंग्रजांचा नुसता बाण. ऑस्ट्रेलियाचा बाण दोन इंग्रजी 'डी'च्या मध्ये. भारताचा बाण, आणि त्याच्या पोटाखाली इंग्रजी 'आय'. नाव घातलं तरी पातेलं ज्याच्याकडे राहायचं त्याच्याकडेच राहतं, हे दोन्हीकडे सारखं.

भांडणंही एकत्र कुटुंबासारखीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या स्क्रूचे आटे एका कोनात आणि अमेरिकनांचे दुसऱ्या कोनात कापलेले होते. शत्रू एक, पण याचा बोल्ट त्याच्या नटात जाईना. युद्ध संपल्यावर सगळे शहाणे होऊन एकत्र बसले आणि एकच आटा ठरवला. एका देशाची मूठ दुसऱ्या देशाच्या पेटीत बसावी, यासाठी माझ्यासारखी माणसं हातात गेज घेऊन जन्म काढतात. गेज म्हणजे मापाचा पोलादी तुकडा. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तर पास. सुधीर म्हणतो, तू मुलींना स्थळंही याच पद्धतीने सांगतेस.

एक रिवाज मात्र सगळ्या राष्ट्रांचा सारखा, आणि तो कुठल्या परिषदेत ठरला नाही. सुरुंगाकडे जो माणूस जाणार, मूठ त्याच्या खिशात. कारण साधं आहे. तुम्ही पुलाखाली वाकून तार तपासत असताना मागे पेटीजवळ बसलेल्याला खोकला आला, हात लागला, गैरसमज झाला, तर? मूठ तुमच्या खिशात असेल तर पेटी म्हणजे नुसतं खोकं. क्लाइव्ह म्हणायचा, "बायकोवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण मूठ माझ्या खिशात." त्याची बायको म्हणायची, "लॉनमोवरची किल्लीही त्याच्याच खिशात असते, म्हणून तर गवत एवढं वाढलंय."

या रिवाजामुळे आमच्याकडच्या अर्ध्याअधिक पेट्या बिनमुठीच्या होत्या. युद्ध संपलं की पेटी भांडारात जमा व्हायची आणि मूठ कुणाच्या तरी पँटच्या खिशातून घरी जायची. मग पन्नास-साठ वर्षांनी नातवंडं ती आमच्याकडे घेऊन यायची, "हे लसूण ठेचायचं काहीतरी आहे का?" असं विचारत. एका बाईंनी तर खरंच लसूण ठेचला होता. मूठ धुऊनही वास गेला नाही, तेव्हापासून ती मांडणीवर वेगळी ठेवली आहे.

मी सांगते आहे ती गोष्ट विद्यार्थ्यांच्या लाटेच्या काळातली. तेव्हा ट्रेनच्या प्रत्येक डब्यात आपली मुलं असायची. मेकॅनिकल इंजिनियर हेअरड्रेसिंग शिकत होते, बी.कॉम. झालेली मुलं कुकरी शिकत होती, कारण त्या कोर्सवर पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळते असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं. ज्या पोरांनी घरी कधी पाण्याचा ग्लास उचलला नव्हता ती कांदा चिरण्याच्या परीक्षेला बसत होती. त्यांच्या आयांना मी फोनवर सांगायचे, "अहो, सून खूश होईल." त्या आया लगेच विषय बदलायच्या.

असाच एक अनिकेत. तो आणि त्याचे मित्र ब्लॅकटाउनला एका घरात राहत होते, किती जण ते घरभाड्याच्या एजंटला कधी कळू दिलं नव्हतं. त्यांना गॅरेजमध्ये गंजलेलं, दांडा आणि दात असलेलं काहीतरी सापडलं. त्याने मला फोन केला. मी नियमाप्रमाणे सांगितलं, "हात लावू नका, सगळे बाहेर या, पोलिसांना कळवा." तर म्हणतो, "काकू, पोलीस नको ना, एजंटला कळेल." बॉम्बपेक्षा एजंटची भीती जास्त. शेवटी पोलीस आले. बॉम्ब म्हणजे कुंपणाची तार ताणायचं यंत्र निघालं, पण एजंटने दारातले बूट मोजले. मग अनिकेत काही दिवस आमच्या हॉलमध्ये झोपायला होता, आणि सगळ्या विद्यार्थी मंडळींत माझं नाव बॉम्बवाल्या काकू असं पडलं.

त्या नावाने मला स्नेहलचा फोन आला. स्नेहल नागपूरची, इथे अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करत होती आणि वृद्धाश्रमात केअररच्या शिफ्ट करायची. "मावशी, अनिकेतनं नंबर दिला. तुम्ही बॉम्बवाल्या ना?"

"मी शैलामावशी. बोल."

"आमच्याकडे एक आजोबा आहेत, लेन नावाचे. त्यांच्या हातात एक लोखंडाचा तुकडा असते. झोपतानाही सोडत नाहीत. आंघोळीलाही नाही. संध्याकाळ झाली की टेबलावर आदळून राहतात. मॅनेजर म्हणते, कुणाला लागलं तर काय? शुक्रवारी काढून घेणार आहेत."

"मग घेऊ दे की."

"मागच्या वेळी घ्यायला गेले ना, तर असे बिथरले बाप्पा, की इंजेक्शन द्यावं लागलं. नंतर जेवलेच नाहीत. मावशी, या वेळी घेतलं तर ते आजोबा राहायचे नाहीत. मला माहीत आहे, माझे आजोबा असेच गेले. ते काय आहे ते तरी सांगा, म्हणजे मॅनेजरशी बोलता येईल."

तिने फोटो पाठवला. सुरकुतलेला हात, आणि बोटांच्या मधून डोकावणारी मूठ. आमच्या मांडणीवर बिनमुठीच्या ज्या पेट्या होत्या, त्यांतलीच. मी फोटो क्लाइव्हला दाखवला. त्याने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाला, "सोपं आहे. डोकं साथ देत नसेल म्हाताऱ्याचं. त्याला वाटतंय, आपलं कुणीतरी अजून सुरुंगापाशी आहे. सगळे परत आले म्हणून कळवलं की देईल मूठ. त्याची पद्धत असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. क्लाइव्हने मेडलं लावली होती. लेन खिडकीशी खुर्चीत बसला होता, अंगाने वाळलेला, पण भांग पाडलेला आणि दाढी केलेली. क्लाइव्ह त्याच्यासमोर ताठ उभा राहिला आणि सगळा हॉल दणाणेल अशा आवाजात ओरडला, "ऑल इन!" म्हणजे सगळे परत आले. पलीकडे बिंगो खेळणाऱ्या एका आजीबाईंनी घाबरून आपलं कार्ड टाकून दिलं. लेनने क्लाइव्हकडे आपल्या घरात शिरलेल्या सेल्समनकडे बघावं तसं बघितलं आणि मूठ आणखी घट्ट धरली. क्लाइव्हचा पार चेहरा पडला.

मी जवळ गेले, वाकले आणि हॅलो म्हटलं. लेनने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मूठ माझ्यासमोर धरली, मला नीट दिसावी म्हणून असेल. मी चष्मा लावून शिक्का वाचला. बाण, आणि त्याखाली 'आय'. मला भरून आलं, खरंच सांगते. सिडनीच्या वृद्धाश्रमात गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातात आपल्याकडचा शिक्का. मी त्याला थँक यू म्हटलं आणि त्याचा हात हलकेच मागे सारला. त्याने मूठ टेबलावर आदळायला सुरुवात केली. स्नेहल लगबगीने आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

क्लाइव्ह हट्टी. तो म्हणाला, तू बाहेर थांब, मी बसतो. अख्खी दुपार तो लेनच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. दोन सॅपर एकमेकांशी काय बोलतात ते मला माहीत नाही, पण परतताना गाडीत त्याने मला सगळं सांगितलं. लेनने ते तुकड्यातुकड्यांत सांगितलं होतं, क्लाइव्हने जोडलं.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांपुढे मलायातली माघार. एक पूल पाडायचा होता. पेटी होती भारतीय सॅपर्सच्या एका हवालदाराची, लेन त्याच्या मदतीला. वायर कुठेतरी तुटली होती, म्हणून लेन पुढे निघाला. हवालदाराने रिवाजाप्रमाणे पेटीची मूठ काढली आणि स्वतःच्या हाताने लेनच्या खिशात घातली. लेनने वायर जोडली. परत येताना त्याच्या पायाला लागलं, तो पडला, कुणीतरी त्याला उचलून निघालेल्या ट्रकमध्ये टाकलं. शुद्धीवर आला तेव्हा तो कितीतरी मैल दूर होता आणि मूठ खिशात होती. तिकडे हवालदार पेटीपाशी बसलेला, समोर पूल, पलीकडून शत्रू येतोय, आणि पेटीला मूठ नाही.

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"त्याला कधी कळलंच नाही," क्लाइव्ह म्हणाला. "मी त्याला म्हटलं, मेट, दे माझ्याकडे, मी पोचवतो. तर म्हणाला, 'तुझी नाही ती.'"  

मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कारखान्यात मी हजारो वस्तू पास केल्या. भोक मापात आहे ना, मूठ बसते ना, एवढंच पाहिलं. ती मूठ पुढे कुणाच्या खिशात जाईल आणि मागे कोण वाट बघत बसेल, हा विचार एकदाही मनात आला नाही. तो करायचा नसतोच, नाहीतर कामच होणार नाही. पण त्या रात्री भाकऱ्या करताना मी तो विचार केला, आणि त्यात दोन भाकऱ्या करपल्या.

गुरुवारी पेंडल हिलच्या स्टेशनजवळच्या दुकानात स्नेहल भेटली. मी तूरडाळ घेत होते, ती मॅगी. मी तिला लेनची सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, "आता तो हवालदार कुठून आणायचा? मूठ परत द्यायची आहे त्याला, पण कुणाला देतच नाही."

स्नेहल म्हणाली, "देत नाही कुठे? मला तर रोज देऊन राहिले."

"काय?"

"रोज संध्याकाळी. मी चहा घेऊन गेले की हात पुढे करतात. मला देतात, आमच्यातल्या पंजाबी जसप्रीतला देतात, आमच्यात एक नेपाळी मुलगा आहे त्याला देतात. गोऱ्या स्टाफला नाही. आम्ही म्हणतो, 'नो नो, यू कीप इट.' मग ते आदळून राहतात."

"अगं, मग घेत का नाहीस?"

"मावशी, रूल आहे ना! ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, रेसिडेंटकडून काही घ्यायचं नाही. चॉकलेटसुद्धा नाही. कुणी तक्रार केली तर जॉब जाईल, मग व्हिसाचं काय? आणि असं पण, म्हाताऱ्या माणसानं काही दिलं तर लगेच घेते का कुणी? नको नकोच म्हणते ना आपण."

मी डाळीचा पुडा हातात धरून उभीच राहिले. नको नको. कुणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायचा, कुणी काही दिलं की आधी नाही म्हणायचं, हे आपल्याला बोलायच्या आधी शिकवतात. इतकी गुणी मुलं. आईने शिकवलेलं आणि ट्रेनिंगने शिकवलेलं दोन्ही तंतोतंत पाळत होती. आणि तो माणूस रोज संध्याकाळी हवालदाराची वस्तू हवालदाराच्या माणसांना परत करत होता, आणि रोज ती हसून त्याला परत केली जात होती. मला लेनने माझ्यासमोर धरलेली मूठ आठवली, आणि मी मोठ्या सौजन्याने मागे सारलेला त्याचा हात.

शुक्रवारी सकाळी मी मॅनेजरबाईंच्या ऑफिसात गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर जड लोखंड म्हाताऱ्या माणसाच्या हातात मीही राहू दिलं नसतं. त्या म्हणाल्या, "स्टाफला गिफ्ट घेता येत नाही. पॉलिसी आहे."

"गिफ्ट नाही ती," मी म्हटलं. "ती वस्तू लेनची नाहीच. भारतीय सैन्याची आहे, तिच्यावर शिक्का आहे. तो ती परत करतोय."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे दुसऱ्याची वस्तू तो मालकाला परत देतोय?"

"हो. आणि मग ती आमच्या संग्रहालयात जाईल. त्याच्या हातात राहणार नाही, म्हणजे तुमचाही प्रश्न सुटला."

"त्याच्याविरुद्ध आमच्याकडे काही पॉलिसी नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव वाटला.

मूठ घ्यायची कुणी, हा प्रश्न माझ्या मनात नव्हताच. भारतीय कारखान्यातला इतका अनुभव, शिक्क्यांचा अभ्यास, वय. मी पैठणी नेसले होते. बाथरूमच्या आरशासमोर हिंदीत दोन वाक्यंही म्हणून पाहिली होती. सुधीर म्हणाला, "शैला, राष्ट्रपती भवनात नाही चाललीस." चार वाजता आम्ही लेनसमोर उभे राहिलो. क्लाइव्हने संग्रहालयातली एक बिनमुठीची पेटी आणली होती, आतून रिकामी केलेली. ती त्याने टेबलावर ठेवली. मी पदर सारखा केला, पुढे झाले आणि हात पुढे केला.

लेनने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग मान तिरकी करून माझ्यामागे पाहिलं. मागे स्नेहल निळ्या युनिफॉर्ममध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी होती, रोजच्यासारखी. मी बाजूला झाले. पैठणी त्याला काही पटली नव्हती.

स्नेहलने ट्रे ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मॅनेजरबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मग ती त्याच्यासमोर खाली बसली आणि दोन्ही हात पुढे केले. लेनने मूठ तिच्या हातांवर ठेवली. त्याची बोटं लगेच सुटेनात. इतकी वर्षं वाकलेली बोटं, ती एकेक करून सरळ करावी लागली, तीही त्याची त्याने केली.

"सॉरी, मेट," तो म्हणाला. "गॉट हेल्ड अप." म्हणजे वाटेत अडकलो, उशीर झाला.

स्नेहलला काय बोलावं ते आम्ही शिकवलं नव्हतं. तिला इथे येऊन वर्ष झालं नव्हतं, इथलं एकच वाक्य तिच्या जिभेवर पक्कं बसलं होतं.

"नो वरीज," ती म्हणाली.

हे दोन शब्द या देशात दिवसातून शंभरदा कानावर पडतात. बस चुकली, नो वरीज. चहा सांडला, नो वरीज. लेनने ते ऐकले आणि डोळे मिटले. क्लाइव्हला अचानक खिडकीबाहेर काहीतरी बघायचं होतं. मी रडले, आणि पैठणीला नाक पुसता येत नाही हे मला तेव्हा कळलं.

मग मी स्नेहलकडून मूठ घेतली आणि क्लाइव्हच्या पेटीच्या भोकात घातली. पेटीवर ऑस्ट्रेलियाचा बाण, मुठीवर आपला. ना सैल, ना घट्ट, अशी बसली की बस्स. क्लाइव्ह म्हणाला, "चांगलं काम आहे, लव्ह." त्याने आयुष्यात पहिल्यांदा 'आमचं' म्हटलं नाही. लगेच त्याने मूठ बाहेर काढली आणि स्नेहलला दिली. "पेटीत ठेवायची नसते. शिफ्ट संपेपर्यंत तुझ्या खिशात." स्नेहलने ती युनिफॉर्मच्या खिशात घातली. खिसा एका बाजूला लोंबायला लागला. मग तिने लेनच्या हातात चहाचा मग दिला. त्याच हातात. त्याने तो धरला आणि दोन बिस्किटं खाल्ली.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. मी घरी येऊन पैठणी घडी घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. स्नेहल हळू आवाजात बोलत होती. "मावशी, ते विचारून राहिले, पूल पडला का? आता काय सांगू?"

"थांब," मी म्हटलं, आणि दुसऱ्या फोनवरून क्लाइव्हला गाठलं. तो म्हणाला, "पूल पाडताना नेहमी दोन व्यवस्था असतात, शैला. एक पेटी, आणि ती चालली नाही तर दुसरी, काडीने पेटवायची वात. हवालदार असेल तर त्याने वात लावलीच असणार."

मी स्नेहलला तसं सांगितलं. नियम असा असतो, त्यामुळे पूल पडला असणार.

"मावशी, 'असणार' सांगू की 'पडला' सांगू?"

मी आयुष्यभर गेज लावल्याशिवाय एक वस्तू पास केली नव्हती. साहेब डोक्यावर उभे असताना नाही, ट्रक दारात उभा असताना नाही. आणि हा पूल मी पाहिला नव्हता, हवालदाराचं नाव मला माहीत नव्हतं, तो वात लावून परत आला की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. फोनमधून मागे लेनचा आवाज येत होता, तो पुन्हा विचारत होता.

"पडला म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि हवालदार परत आला म्हणून सांग."

तिकडे स्नेहल त्याला सांगताना मला ऐकू आली.  नंतर चहाचा मग टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि लेन म्हणाला, "गुड. देन आय'ल हॅव अनदर कप."